कोंबड्यांच्या शेडमधील टांगते गॅस हीटर : जागा कशी ठरवावी?

थंडीची चाहूल लागली, की बुलढाणा जिल्ह्यातील ब्रॉयलर कोंबड्यांच्या शेडना प्लास्टिकचे पडदे लागतात आणि छताच्या कैच्यांना साखळ्या लटकू लागतात. साखळीला टांगलेली पत्र्याची छत्री, तिच्या पोटात लालबुंद होणारी सिरॅमिकची जाळी आणि पाठीमागून आलेली गॅसची नळी, असे हे उपकरण असते. शेडवाले त्याला ‘ब्रूडर’ म्हणतात. थंड हवेच्या देशांत गोदामे, गॅरेज आणि कारखाने गरम ठेवण्यासाठी छताला टांगलेले गॅस हीटर सर्रास वापरले जातात. उन्हाळ्यात चाळीस अंशांच्या पुढे तापणाऱ्या विदर्भात दुकान किंवा गोदाम गरम करण्याची वेळ सहसा कुणावर येत नाही. या नियमाला ठळक अपवाद आहे तो एक दिवसाच्या पिल्लांच्या शेडचा.

हा विषय केवळ शेतकऱ्यांचा नाही. खामगाव, चिखली, मलकापूर, मेहकर अशा शहरांत नोकरी किंवा दुकान सांभाळून गावाकडच्या जमिनीवर शेड उभारणारे अनेक जण आहेत. मालक शहरात आणि शेडवर राखणीला एखादे जोडपे, बहुधा मुलाबाळांसह, अशी ही व्यवस्था असते. हीटर कुठे टांगायचा हे मालक दिवसाउजेडी ठरवतो. त्याच्याखाली रात्र काढतात ती दुसरीच माणसे. कडाक्याच्या थंडीत राखणदार आपली खोली सोडून पडदे लावलेल्या उबदार शेडमध्येच अंथरूण टाकतो. हीटरची जागा ठरवताना सर्वाधिक विचार व्हायला हवा तो या अंथरुणाचा, आणि नेमका तोच होत नाही.

बंद जागेतील गॅस हीटर काय करू शकतो, याचे एक उदाहरण आपल्या शेजारचेच आहे. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दामन या थंड हवेच्या ठिकाणी केरळहून गेलेले आठ पर्यटक हॉटेलच्या एका खोलीत मृत्युमुखी पडले. त्यांत चार लहान मुले होती. रात्री खोलीत गॅस हीटर सुरू होता आणि दारे-खिडक्या बंद होत्या. ना स्फोट झाला, ना आग लागली.

घाटावर आणि घाटाखाली

बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग स्थानिक बोलण्यात ठरून गेलेले आहेत. अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा हा घाटावरचा भाग. तर मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हा पूर्णा खोऱ्यातील घाटाखालचा भाग. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १० अंशांच्या खाली जाणे येथे नवलाचे नाही. घाटावर वाराही मोकळा असतो. घाटाखाली रात्र थोडी सौम्य असली, तरी दिवस आणि रात्रीच्या तापमानातील फरक मोठा असतो. त्यामुळे संध्याकाळी बंद असलेले ब्रूडर मध्यरात्री पेटवावे लागतात. म्हणजे झोपेतून उठलेला माणूस अर्धवट अंधारात गॅसची चावी सोडतो. जागा ठरवताना हेही ध्यानात असावे.

अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लाला पहिले सुमारे दोन आठवडे स्वतःच्या शरीराचे तापमान राखता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्याला ३२ ते ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते आणि पुढे दर आठवड्याला ती सुमारे तीन अंशांनी कमी करत न्यायची असते. पूर्वी ही ऊब विजेच्या दिव्यांनी किंवा कोळशाच्या शेगडीने दिली जात असे. दिव्यांना वीजपुरवठ्याचा भरवसा नाही आणि शेगडीचा धूर पिल्लांना सोसत नाही, म्हणून गॅस आला. गॅसची ज्योत निळी आणि धूर दिसत नाही, एवढ्यावरून ती निरुपद्रवी आहे असा समजही त्याच्याबरोबर आला.

उंची एक नव्हे, दोन मोजाव्यात

भिंतीवरचा गिझर एकदा बसवला की जागा सोडत नाही. ब्रूडरचे तसे नाही. पिल्ले वाढतात, त्यांना ऊब कमी लागते आणि साखळीची एकेक कडी आवळत छत्री वर जाते. लहान ब्रूडर सुरुवातीला साधारण तीन ते पाच फुटांवर टांगले जातात. नेमका आकडा उपकरणासोबतच्या पत्रकात दिलेला असतो आणि तोच प्रमाण मानावा. शेजारच्या शेडमधील उंची पाहून आपली ठरवणे चुकीचे आहे, कारण तेथील हीटर निराळ्या क्षमतेचा असू शकतो.

योग्य उंचीची साक्ष पिल्लेच देतात. ती छत्रीखाली एकमेकांवर चढून गोळा झाली तर ऊब कमी पडते आहे. कडेला पळून चोची उघड्या ठेवून बसली तर जास्त होते आहे. सगळी एकाच बाजूला सरकली तर दुसरीकडून वारा शिरतो आहे. सगळीकडे सारखी पसरलेली, चरत-पाणी पीत असलेली पिल्ले दिसली की छत्री जागेवर आहे असे समजावे. येथपर्यंतचे ज्ञान बहुतेक शेडवाल्यांना असते.

सुरक्षिततेचा हिशेब मात्र पिल्लांकडे पाहून होत नाही. छत्री सर्वांत खाली असताना तिच्याखाली काय आहे आणि सर्वांत वर गेल्यावर तिच्याजवळ काय येते, ही दोन्ही मापे पिल्ले येण्यापूर्वी रिकाम्या शेडमध्ये घ्यावी लागतात. खाली असते भाताच्या तुसाची किंवा लाकडाच्या भुशाची दोन इंच गादी. पहिल्या दोन-तीन दिवसांत तिच्यावर वर्तमानपत्राची रद्दी अंथरतात. (आमच्या कालच्या अंकाचा हा उपयोग आम्हाला मान्य आहे, तो लाल जाळीच्या थेट खाली नको, इतकेच.) तापलेल्या सिरॅमिक जाळीचे तापमान आठशे-नऊशे अंशांपर्यंत जाते. छत्री निसटून पडली तर कोरड्या तुसाला पेट घ्यायला वेळ लागत नाही. शिवाय तूस आधी आतल्या आत धुमसते, ज्वाळा उशिरा दिसते.

छत्री वर गेल्यावर तिच्याजवळ येतात कैचीवरून ओढलेल्या विजेच्या वायरी, पाण्याच्या निपल लाइनचे प्लास्टिकचे नळ, त्या उचलण्याच्या नायलॉन दोऱ्या आणि महिनोन्‌महिने साचलेली धूळ, पिसे व जळमटे. छत्री उष्णता खाली फेकते खरी. पण जळालेल्या गॅसची गरम हवा तिच्या कडेने वरच जाते.

सर्वांत घातक आहे ते थंडीतले प्लास्टिकचे अंतर्छत. शेडची उंची कमी करून गॅस वाचवण्यासाठी कैचीखाली प्लास्टिकचा कागद किंवा जुने बारदान ताणून बांधतात. पहिल्या आठवड्यात ते छत्रीपासून पुरेसे दूर असते. तिसऱ्या आठवड्यात छत्री वर सरकते, बारदान मध्ये झोळ धरते आणि दोघांतले अंतर दोन्ही बाजूंनी घटते. बांधल्या दिवशी पाहिलेले अंतर आता उरलेले नाही, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

साखळी, कैची आणि पडदा

ब्रूडर टांगायचा तो लोखंडी कैचीला किंवा दोन कैच्यांमध्ये त्यासाठीच जोडलेल्या अँगलला. पत्रा ठोकलेल्या लाकडी पट्टीला, बांबूला किंवा आडव्या ताणलेल्या तारेला टांगू नये. टांगण्यासाठी लोखंडी साखळीच हवी. सुतळी आणि नायलॉन दोरी उष्णतेने खचते. साखळीचा आकडा उघड्या तोंडाचा असेल तर पिल्ले पाहायला वाकलेल्या माणसाचे डोके लागूनही छत्री सुटते, म्हणून आकड्याचे तोंड बंद करावे. मुख्य साखळीशेजारी थोडी सैल अशी दुसरी साखळी वेगळ्या बिंदूला अडकवली, तर पहिली तुटली तरी छत्री तुसापर्यंत पोहोचत नाही. खर्च शंभर-दोनशे रुपयांचा असेल. पण ही दुसरी साखळी क्वचितच दिसते.

गॅसच्या नळीने छत्रीचे वजन पेलता कामा नये. छत्री सर्वांत खाली असताना नळी ताणली जाऊ नये आणि सर्वांत वर असताना तिची वेटोळी लोंबकळत जाळीसमोर येऊ नये. यावरचा उत्तम उपाय म्हणजे कैचीच्या उंचीवरून लोखंडी पाइप नेऊन प्रत्येक ब्रूडरसाठी स्वतंत्र चावी काढणे आणि तेथून खाली लहान नळी सोडणे. जमिनीवरून नेलेली लांबलचक नळी माणसाच्या पायात येते आणि उंदीर ती कुरतडतात. नळी पोलादी तारेचे मजबुतीकरण असलेली, आयएसआय चिन्हाची असावी आणि तिच्यावर छापलेली मुदत पाहून बदलावी.

पडद्यापासूनचे अंतर मोजताना एक गोष्ट हमखास विसरली जाते. मोजणी दिवसा, वारा नसताना आणि पडदा सरळ लोंबत असताना होते. रात्री उत्तरेचा वारा सुटला की तोच पडदा शिडासारखा आत फुगतो. म्हणून एकाने बाहेरून पडदा आत ढकलून धरावा आणि दुसऱ्याने तेथून छत्रीपर्यंतचे माप घ्यावे. पत्रकात बाजूचे जे किमान अंतर सांगितले असेल, ते या फुगलेल्या पडद्यापासून भरले पाहिजे. हाच न्याय पिल्लांभोवतीच्या गोल कुंपणाला, म्हणजे चिक गार्डला. ते पुठ्ठ्याचे असेल तर छत्रीच्या कडेपासून अडीच-तीन फूट दूर असावे, पत्र्याचे असेल तर उत्तमच.

ब्रूडर दारासमोर येऊ नये. आग लागली तर राखणदार ज्या वाटेने बाहेर पडणार, ती वाट हीटरखालून जाणारी नको. शेडचे दार एकाच टोकाला असेल आणि पिल्ले दुसऱ्या टोकाला ठेवली जात असतील, तर त्या टोकालाही एक दार काढून घ्यावे.

दोन वायू, दोन वाटा

टांगत्या हीटरचे धोके दोन असतात आणि ते एकमेकांच्या उलट दिशेने वागतात. एक न जळालेला गॅस. दुसरा अर्धवट जळालेल्या गॅसपासून तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड.

न जळालेला एलपीजी हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो. गळती झाली की तो पाण्यासारखा जमिनीवर पसरतो आणि हवेत त्याचे प्रमाण साधारण दोन टक्क्यांवर गेले की ठिणगीने पेटू शकतो. आपल्या शेडची रचना येथे आडवी येते. शेडला चारही बाजूंनी फूट-दीड फुटाची बुटकी भिंत आणि तिच्यावर जाळी असते. जाळी आहे म्हणजे हवा खेळती आहे, असे आपण धरून चालतो. पण जड गॅस या बुटक्या भिंतीच्या आत, परातीत पाणी साचावे तसा साचतो. जाळीपर्यंत तो चढतच नाही. त्यासाठी भिंतीच्या तळाशी, जमिनीलगत, जाळी लावलेली भोके ठेवावी लागतात. शेड बांधतानाच ती ठेवली तर सोपे. नंतर छिन्नीने पाडता येतात. साप-मुंगूस आत येतील म्हणून ती बुजवून टाकण्याची पद्धत आहे. बारीक लोखंडी जाळीने तो प्रश्न सुटतो.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. एलपीजीचा ओळखीचा उग्र वास हा त्यात मुद्दाम मिसळलेल्या रसायनाचा असतो आणि गॅस जळताना तोही जळून जातो. कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ हवेइतकाच जड असून ज्योतीच्या गरम हवेबरोबर वर जातो आणि मग सगळ्या शेडमध्ये पसरतो. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटीहून अधिक ओढीने चिकटतो. डोके जड होणे, मळमळ, ग्लानी ही त्याची लक्षणे थकलेल्या माणसाला झोपेसारखीच वाटतात. त्याची वाट वरून असते. पडदे खालून घट्ट बांधून वरच्या बाजूला फूट-दीड फूट फट दोन्ही लांब बाजूंना, रात्रभर, उघडी राहिली पाहिजे. पडदा वरून खाली उघडणारा हवा तो यासाठीच. खालून वर गुंडाळला जाणारा पडदा थंड वारा थेट पिल्लांवर सोडतो, म्हणून राखणदार तो पूर्ण बंद करतो.

शोधक यंत्रे बसवायची झाली तर त्यांच्याही जागा निराळ्या आहेत. एलपीजीचा शोधक जमिनीपासून फूटभर उंचीवर हवा. कार्बन मोनॉक्साइडचा माणसाच्या श्वासाच्या उंचीवर. शेडमधील धूळ आणि अमोनिया या यंत्रांना लवकर निकामी करतात, हे खरे. म्हणून बॅच लागण्यापूर्वी चाचणीचे बटण दाबून पाहावे आणि दिलेल्या मुदतीत यंत्र बदलावे.

फट उघडी ठेवली तर गॅस जास्त जळतो, हा मालकांचा आक्षेप आहे आणि तो खोटा नाही. करार पद्धतीत कंपनी पिल्ले, खाद्य आणि औषधे पुरवते. शेड, मजुरी, वीज, तूस आणि उबेचा खर्च सहसा पाळणाऱ्याकडे असतो. वाचवता येण्याजोगी बाब म्हणून त्याला गॅसच दिसतो. पण याच हिशेबाची दुसरी बाजू पाहावी. एक किलो एलपीजी जळताना सुमारे तीन किलो कार्बन डायऑक्साइड आणि दीड किलोहून अधिक पाण्याची वाफ तयार होते. १९ किलोचा एक सिलिंडर संपला म्हणजे बंद शेडमध्ये जवळजवळ ३० लिटर पाणी सोडल्यासारखे झाले. ते पडद्यावर, पत्र्यावर आणि शेवटी तुसात उतरते. ओल्या तुसातून अमोनिया सुटतो, पिल्लांचे डोळे व श्वासनलिका बिघडतात आणि प्राणवायू कमी पडलेल्या कोंबड्यांच्या पोटात पाणी होते. घट्ट बंद शेडमध्ये वाचलेला गॅस पुढे मरतुकीच्या आणि औषधांच्या खात्यावर निघतो.

सिलिंडर आत नको

हीटर शेडमध्ये आणि सिलिंडर शेडबाहेर, ही विभागणी पक्की असावी. सिलिंडर सावलीत, सिमेंटच्या ओट्यावर, उभे आणि कुलपाच्या जाळीदार पिंजऱ्यात ठेवावेत. जवळ गटार, खड्डा किंवा विहीर नसावी, कारण जड गॅस तिकडेच ओघळतो. पिंजऱ्याची भिंत आणि राखणदाराच्या खोलीची भिंत एक नको. बाहेरच्या पाइपवर एक मुख्य चावी अशी असावी, जी शेडमध्ये पाऊल न टाकता बंद करता येईल.

थंडीत सिलिंडरच्या अंगावर दव किंवा बर्फाचा पातळ थर दिसतो. द्रवरूप गॅसचे वायूत रूपांतर होताना तो सिलिंडरचीच उष्णता शोषून घेतो. बाहेरची हवा थंड आणि ब्रूडर जास्त असले की गॅसचा दाब उतरतो आणि ज्योत मंदावते. यावर गरम पाण्याचे टोपले, ओले पोते किंवा शेगडी असे उपाय होताना दिसतात. त्यांतील शेगडीचा उपाय जिवावर बेतणारा आहे. सिलिंडर आडवा पाडणे तितकेच वाईट, कारण मग वायूऐवजी द्रव नळीत शिरतो. योग्य मार्ग म्हणजे दोन-तीन सिलिंडर एकत्र जोडून भार वाटून देणे.

घरगुती वापराचा १४.२ किलोचा लाल सिलिंडर अशा कामासाठी वापरण्यास सन २००० च्या एलपीजी पुरवठा व वितरण आदेशाने मनाई आहे. व्यावसायिक वापरासाठी १९ किलोचा निळा सिलिंडर आहे. किमतीतील तफावतीमुळे लाल सिलिंडरचा मोह होतो. त्यात तांत्रिक धोकाही आहे. घरगुती रेग्युलेटर ठरावीक कमी दाबाने गॅस सोडतो आणि अनेक ब्रूडर वेगळ्या दाबासाठी बनवलेले असतात. दाब जुळला नाही तर ज्योत पिवळी पडते, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. साठ्याबाबत, २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांनुसार एका वेळी १०० किलोपर्यंतच्या एलपीजीला परवाना लागत नाही. म्हणजे १९ किलोचे पाच सिलिंडर. त्यापुढे पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचा परवाना लागतो. या संघटनेचे मुख्यालय नागपुरातच आहे. सिलिंडरची मांडणी आणि पाइपजोडणी कशी असावी, हे भारतीय मानक ६०४४ मध्ये सांगितलेले आहे. काम करणाऱ्या माणसाला त्याची माहिती आहे की नाही, हे आधी विचारून घ्यावे.

राखणदाराची खोली

राखणदाराला शेडमध्ये झोपू नको असे सांगणे सोपे आहे. पण खोलीच्या दाराला फट, अंगावर एक गोधडी आणि रात्री दोनदा उठून पिल्ले पाहण्याची जबाबदारी असेल, तर तो उबेकडे जाणारच. खोली शेडपासून चार पावलांवर, पण वेगळी हवी. तिचे दार-खिडकी धड असावे आणि पांघरुणे पुरेशी असावीत. खोलीतून शेडचे तापमान दिसेल असा दूरचा तापमापक मिळतो. तो बसवला तर उठण्याच्या फेऱ्याही कमी होतात. शेडमधील जुना ब्रूडर किंवा कोळशाची शेगडी खोलीत नेऊन पेटवू नये, हे मात्र स्पष्ट शब्दांत सांगावे लागते. नेपाळमधील ती खोली अशीच बंद होती.

सकाळी राखणदाराचे डोके दुखत असेल, मुलांना मळमळत असेल आणि शेडबाहेर आल्यावर बरे वाटत असेल, तर तो थंडीताप नव्हे. ब्रूडर बंद करून सर्वांना मोकळ्या हवेत आणावे आणि डॉक्टरांना शेडमध्ये गॅस हीटर असल्याचे आवर्जून सांगावे.

गॅसचा वास आला तर विजेचे कोणतेही बटण दाबू नये. सुरू असलेला दिवाही बंद करू नये. बाहेरची मुख्य चावी बंद करून दारे आणि पडदे उघडावेत. गळतीसाठी १९०६ हा राष्ट्रीय मदत क्रमांक चोवीस तास सुरू असतो. गळणाऱ्या गॅसलाच आग लागली असेल, तर चावी बंद करता येत नसताना नुसती ज्योत विझवण्याच्या मागे लागू नये. विझलेल्या ज्योतीनंतर साचणारा गॅस अधिक घातक ठरतो. अग्निशमन बंब नगरपालिकेच्या गावाहून येईपर्यंत वेळ जातो. म्हणून कोरड्या पावडरचे अग्निशामक दाराजवळ, बाहेरच्या बाजूने हाताला येतील असे टांगावेत आणि तुसाच्या धुमसत्या आगीसाठी पाण्याची टाकी भरलेली ठेवावी.

ब्रूडरची निगा बॅच गेल्यावरच नीट घेता येते. उन्हाळ्यात माळ्यावर टाकलेल्या छत्रीच्या नोझलमध्ये कोळी जाळे विणतो आणि कुंभारीण माशी मातीचे घर करते; हवा ओढण्याच्या फटी पिसांच्या धुळीने भरतात. ज्योत पिवळी होते ती बहुतेकदा यामुळे. ऑक्टोबरमध्ये, पहिली थंडी पडण्याआधी, नोझल व हवेच्या फटी साफ कराव्यात, ज्योत विझली तर गॅस आपोआप तोडणारी झडप चालते का ते पाहावे आणि प्रत्येक सांध्याला साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते तपासावे. त्यानंतर छत्री साखळीला अडकवून सर्वांत खालच्या आणि सर्वांत वरच्या कडीवर एकेक तास पेटती ठेवावी. या वेळी पडदे पूर्ण लावलेले असावेत आणि वरची फट उघडी असावी. तासाभराने जवळच्या पडद्यावर, वायरीवर आणि वरच्या लाकडावर हात ठेवून पाहावा. तो हात जेथे टेकवता येत नाही, तेथून एक तर ती वस्तू हलवावी किंवा ब्रूडर.